खडावांवरचा लॅपटॉप

"पण महाराज, शांतीच्या प्रकरणापाशीच हा का बंद पडतो?"

त्र्यंबकशास्त्र्यांनी लॅपटॉपकडे असं पाहिलं, जणू ऐन संकल्पाच्या वेळी तो शिंकला होता.

निवांतगिरी महाराज मठाच्या ओसरीत भिंतीला टेकून बसले होते. चैत्राची दुपार. खालची नदी उन्हात विरघळल्यासारखी दिसत होती. कडुनिंबाचा मोहोर गळत होता... महाराजांच्या खांद्यावर आणि शास्त्रीबुवांच्या विद्वत्तेवर, सारखाच.

लॅपटॉप म्हातारा झाला होता. नुकताच पुन्हा सुरू केला होता, तरी आतला पंखा दमेकऱ्यासारखा घरघरत होता.

"सहा वर्षं आपली वचनं टिपतोय. ग्रंथ आठशे पानांवर गेला."

"मी एवढं बोललो?"

"भाष्य माझं आहे, महाराज."

"हं..."

"हा गेला की ग्रंथही गेला."

"दुसरीकडे उतरवून नाही ठेवलास?"

"कुणी चोरला म्हणजे?"

महाराजांनी लॅपटॉपवर तळहात टेकवला, झटकन उचलला आणि तळहातावर फुंकर घातली.

"हा बसलाय कशावर?"

"मखमली गादीवर! वर रेशमी रुमाल अंथरलाय. आत आपली वचनं आहेत, तेव्हा पोथीसारखाच मान ठेवतो. रोज फूल वाहिल्याशिवाय सुरू करत नाही."

"आणि श्वास कुठून घेतो?"

"श्वास?... वारा खालच्या जाळीतून आत जातो, महाराज."

मोहोराचं एक फूल गादीवर पडलं.

महाराजांनी पायातल्या खडावा काढल्या, फरशीवर शेजारी शेजारी ठेवल्या.

"ठेव त्याला यांच्यावर."

"पायातल्या खडावांवर? आपली वचनं?"

"तू रोज सकाळी डोकं ठेवतोस की."

शास्त्रीबुवांना यावर उत्तर सुचलं असतं, तर ग्रंथ आणखी चाळीस पानांनी वाढला असता.

त्यांनी लॅपटॉप उचलला आणि खडावांवर ठेवला. फरशी आणि जाळी यांच्यामध्ये चार बोटं जागा उरली. नदीवरून एक झुळूक आली, त्या जागेतून निघून गेली.

घरघर मंदावली... मग थांबली.

एवढी शांतता त्या ओसरीत शास्त्रीबुवांनी कधी ऐकली नव्हती. नदी ऐकू येऊ लागली. दूरवरचं होल्या पाखराचं घुमणं. मोहोर फरशीवर पडताना होणारा, नसल्यासारखा आवाज.

शास्त्रीबुवांनी डोळे गच्च मिटले.

"गेला! बंद पडला! सहा वर्षं गेली, महाराज!"

"त्र्यंबका, डोळे उघड."

पडदा उजळलेला होता. वर 'शांती' एवढंच लिहिलेलं. त्याखाली एक बारीक रेघ, संथपणे उमटत होती, मिटत होती.

"चालूच आहे," महाराज म्हणाले.

शास्त्रीबुवांना भरून आलं. त्यांनी महाराजांच्या उघड्या पायांवर डोकं ठेवलं. महाराजांचा तळहात त्यांच्या टाळूवर टेकला. या हाताची वाट पाहण्यातच सहा वर्षं गेली होती. आता आत काहीतरी उतरेल... शास्त्रीबुवा श्वास रोखून थांबले.

तळहात झटकन उचलला गेला. महाराजांनी त्यावर फुंकर घातली.

"आणि हे... हे कशावर बसवलंयस?"