तरवडाच्या मिटलेल्या कळ्या

झाडं एकमेकांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट. मुरमाड माळावर एक तरवड होता. पाला कडू, म्हणून शेळ्या त्याला नुसत्या हुंगून पुढे जात आणि शेजारच्या बोरीखाली रमत. त्याच्याकडे यायची ती फक्त कोंडाबाई, तीही नवरात्रात. घटावर रोज पिवळी माळ चढवायची, म्हणून नऊ दिवस ती फुलं खुडायला येई आणि खुडता खुडता घरचं सुखदुःख सांगे.

एका वर्षी तरवडाला वाटलं, 'फुलं मिळाली की ही लगेच उठते. कळ्या मिटून धरल्या, तर उमलेपर्यंत बसेल तरी!'

बोर म्हणाली, "अरे, देवीची माळ तुझ्यासाठी थांबायची नाही."

त्याने ऐकलं नाही. पहिल्या दिवशी कोंडाबाईने एकेक फांदी वाकवून पाहिली. "तूसुद्धा पाठ फिरवलीस का रे बाबा?" म्हणाली आणि ओढ्याकाठच्या तरवडाकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी हा अंगभर फुलला. पण कोंडाबाई सरळ ओढ्याच्या वाटेला लागली. लांबून त्याला दिसत होतं, ती तिथल्या तरवडाची फुलं खुडत होती आणि तिचे ओठ हलत होते.

नवव्या माळेला त्याची फुलं मुरमावर गळून पडली. शेळ्या आल्या, त्यांनी ती हुंगली आणि पुढे गेल्या.