सतरा नंबरची काच

“चाचा, तुम्हीच सांगा. आता ह्यात आणखी काय सुधारू?”

यमुनेनं कागद पुढं धरला. कागदाचं टोक थरथरत होतं.

शिकलगार चाचांनी कागदाकडे बघितलंच नाही. तिच्या हाताकडे बघितलं.

“बस आधी.”

“बसायला वेळ कुठंय? पाचला अर्ज बंद होतो. एक तास दहा मिनिटं राहिलीत.”

“मग तासभर उभी राहणार आहेस?”

ती बसली.

ही खोली भूशास्त्र विभागाच्या तळघरात. पाटीवर तिचं नाव काहीतरी लांबलचक आहे, पण पोरं म्हणतात चाचांची खोली. इथं दगडाचा काप काढतात, काचेच्या पट्टीला चिकटवतात आणि घासतात. किती घासतात? उजेड आरपार जाईपर्यंत. केसाच्या निम्म्याहून पातळ झाला की मगच तो मायक्रोस्कोपखाली स्वतःबद्दल काही सांगायला लागतो. चाचांनी हे काम चौतीस वर्षं केलं. रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी विभागानं त्यांना सोडलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांनीही विभागाला सोडलं नव्हतं. भलेभले प्रोफेसर ह्या खोलीत आले की आवाज खाली आणायचे.

यमुना कुसाळकर पीएचडीच्या पाचव्या वर्षाला. घासायचं कसं ते तिला चाचांनीच शिकवलेलं. तीनशेच्या वर काचा तिच्या हातून गेल्या होत्या, एकही बिघडली नव्हती, आणि ही गोष्ट ती चारचौघांत सांगायला चुकत नसे.

आज मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

जर्मनीतल्या एका संस्थेत दोन वर्षांची संशोधनाची जागा निघाली होती. जागा एकच. इथली फेलोशिप मार्चअखेर संपणार. ह्याआधी दोन ठिकाणांहून नकार आलेला. दुसरा नकार तर दोन ओळींचा, आणि त्या दोन ओळी तिला तोंडपाठ होत्या. तिसरा आला तर गावी परतायचं, बीएड करायचं, असं घरी ठरून गेलं होतं. अर्जासोबत एक पान लिहून द्यायचं होतं... तुम्ही कोण, आणि हेच काम तुम्हाला का करायचंय.

तेच पान तिच्या हातात होतं.

“मला कुठं इंग्रजी येतं,” चाचा म्हणाले. “काय लिहिलंय ते मराठीत सांग.”

यमुनेनं घसा साफ केला.

“मी एक ध्येयनिष्ठ आणि परिश्रमी संशोधक आहे. मला सांघिक कार्याचा आणि नेतृत्वाचा अनुभव आहे. मी उत्तम संवाद साधू शकते. आपल्या नामांकित संस्थेत...”

“कुणाचं गं हे?”

“म्हणजे? माझं!”

“अस्सं.”

चाचा उठले. ट्रेमधून एक काच काढली आणि तिच्यापुढं ठेवली.

“तुझी सतरा नंबरची. मी होत आणलीय. दहा-बारा हात फिरवायचे राहिलेत. घे, घास.”

“आत्ता? चाचा, इथं माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही...”

“हाताला काम असलं की थरथरत नाही.”

चाचांना नाही कोण म्हणणार? तिनं जाड काचेच्या पाटावर घासायची चिमूटभर पूड टाकली, दोन थेंब पाणी सोडलं, सतरा नंबर पालथी घातली आणि दोन बोटांनी गोल गोल फिरवायला लागली.

खर्रर्र... खर्रर्र...

नियम साधा. दर दहा हातांनी काच उचलायची, धुवायची, बघायची. झोपेत विचारलं असतं तरी तिनं सांगितला असता.

“आधी मी दोन पानं लिहिली होती,” ती म्हणाली. “लेखन केंद्रात दाखवली. तिथल्या मॅडम फार चांगल्या आहेत हो. तासभर बसल्या माझ्यासोबत. म्हणाल्या, सुरुवातीची गोष्ट काढून टाक, घरगुती वाटते.”

“काढलीस?”

“काढली. मग करिअर कक्षात गेले. ते म्हणाले, तीन वर्षं जे फसलं ते कशाला सांगत बसतेस? त्यानं तू कच्ची वाटतेस.”

“काढलंस?”

“काढलं. मग ती कार्यशाळा झाली, स्वतःला सादर कसं करावं ह्याची. तिथले सर हसलेच. म्हणाले, ‘मला अजून कळलेलं नाही’ असं वाक्य अर्जात कुणी लिहितं का?”

चाचा ट्रेमधल्या काचा सारख्या करत राहिले.

“तेही काढलं,” ती आपणहून म्हणाली.

आता एवढ्यावर पोरगी थांबेल तर शपथ! परदेश विभाग झाला, समुपदेशन केंद्र झालं, दोन वर्षांपूर्वी कॅनडाला गेलेल्या सीनियरला फोन झाला. एक दार म्हणून सोडलं नव्हतं तिनं. आणि सगळी माणसं मनापासून मदत करत होती. एकानंही वाईट सांगितलं नव्हतं. तिची पंचाईत झाली होती ती तिथंच.

खर्रर्र... खर्रर्र...

“घरगुती गोष्ट कसली होती?” चाचांनी विचारलं.

“काही नाही हो. वेडेपणा होता नुसता.”

“सांग तर.”

तिचा हात मंदावला.

“मी दहा वर्षांची असेन. आमचे आबा विहिरी खोदायचे. एकदा काळा पाषाण फुटला आणि आत हे एवढाले पांढरे स्फटिक! लखलखीत. मी आबांना विचारलं, काळ्या दगडाच्या पोटात हे गेलं कसं? बाहेरून तर कुठंच भोक नाही. आबा म्हणाले, मला काय ठाऊक. शाळेत गुरुजींना विचारलं, त्यांनी खाली बसवलं. मग मी तो दगड दप्तरातच घेऊन फिरायला लागले. पाठ दुखायची... आई ओरडायची...”

“मग? गेलं कसं आत?”

“जात नाही ना चाचा! तीच तर गंमत आहे!” यमुना पुढं सरसावली. “लाव्हा थंड होताना त्यात वाफेचे बुडबुडे अडकतात. त्यांच्या पोकळ्या राहतात. मग पाणी झिरपत राहतं, हजारो वर्षं, लाखो वर्षं, आणि एकावर एक थर बसत जातात. त्या थरांचाही क्रम ठरलेला असतो बघा. पण ह्या सतरा नंबरच्या पोकळीत सगळं उलटं आहे! जो थर आधी बसायला हवा तो नंतर बसलाय. का बसलाय? माझे गाइड सर म्हणतात, तुझी बघण्यात चूक झाली असेल. नाही झाली चूक! मी सात वेळा बघितलंय. पण असं का, ते अजून मला...”

ती बोलता बोलता स्टुलाच्या कडेवर आली होती. हात केव्हाच थांबला होता. थरथर कुठल्या कुठं गेली होती.

चाचा हसले. मिशीतल्या मिशीत.

तेवढ्यात तिची नजर घड्याळावर गेली.

“अगं बाई! चार पंचवीस!”

हात पुन्हा सुरू झाला. आता भराभर.

“चाचा, एकच शब्द राहिलाय. ‘परिश्रमी’ ठेवू की ‘समर्पित’ करू? करिअर कक्षवाले म्हणतात समर्पित. मॅडम म्हणतात परिश्रमी. दोघांचं ऐकून दोन्ही लिहिले तर ओळ लांबते. आणि ओळ लांबली की पान उलटतं. पान उलटलं की अर्ज बाद. मी काल रात्रभर...”

“भीती कसली वाटते तुला?”

तिची नजर कागदाकडे गेली. बोटं मात्र फिरतच होती.

“सांग की.”

“पहिले दोन अर्ज मी कुणालाच दाखवले नव्हते,” ती हळू आवाजात म्हणाली. “मनात होतं ते लिहिलं आणि पाठवलं. दोन्ही वेळा नाही म्हणाले. अर्जाला नाही हो, चाचा... मला नाही म्हणाले. दोन दिवस मला जेवण गेलं नव्हतं. म्हणून ह्या वेळी म्हटलं, असं लिहायचं की...”

“की?”

“की कुणाला बोट ठेवायला जागाच सापडू नये.”

घासण्याचा आवाज बदलला होता. मघाची खरखर गेली होती, आता नुसतंच गुळगुळीत सुर्रर्र... सुर्रर्र चाललं होतं. यमुनेच्या कानात ते शिरलंच नाही. चाचांच्या कानात शिरलं. त्यांनी मान वर केली, तोंड उघडलं...

आणि मिटलं.

सुर्रर्र... सुर्रर्र...

काच फिरतच राहिली.

“उचल आता,” चाचा म्हणाले. “बघ.”

तिनं काच उचलली. नळाखाली धरली, खालून फडक्यानं पुसली, मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि डोळा लावला.

स्क्रू फिरवला. पुन्हा फिरवला. काच थोडी डावीकडे घेतली. मग उजवीकडे. भिंग बदललं.

मग काच काढून दिव्यासमोर धरली.

“चाचा...”

“काय झालं?”

“दगड नाहीये.”

“नीट बघ.”

“नाहीये हो! गेला. सगळा घासून गेला!” तिचा आवाज फुटला. तीनशे काचा घासलेल्या त्या हातांकडे ती परक्यासारखी बघत राहिली. “माझी पोकळी... माझे थर... ह्या थरांसाठी मी उन्हाळाभर घाटात फिरलेय चाचा! आणि तुम्ही इथं समोर बसला होतात. मला थांबवलं का नाही?”

चाचांनी स्टूल ओढलं. तिच्या हातातून काच घेतली, परत मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि स्वतः डोळा लावला. निवांत बघत राहिले, जणू आत खूप काही बघण्यासारखं होतं.

घड्याळात चार चाळीस झाले होते.

“डाग आहे का गं एखादा?”

यमुनेला कळेना ह्यांना झालंय काय. “नाही...”

“भेग?”

“नाही.”

“कुठं एखादा वेडावाकडा कण?”

“काहीच नाही, चाचा. नुसता पांढरा उजेड आहे. सगळीकडे सारखा.”

चाचांनी डोळा बाजूला घेतला. टेबलावरचा तिचा कागद उचलला, त्यावर उडालेलं पाणी बाहीनं हलकेच टिपलं आणि काचेसकट तिच्या हातात दिला.

“मग अडलंय कुठं? दे पाठवून.”