नको असलेला सखाहरी

गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक अजून चिडतात. तर त्या गावात सखाहरी नावाचा एक भोळा बाप राहायचा. बाप म्हणून चांगला होता, भोळा म्हणून त्याहून चांगला होता. पिठाच्या गिरणीत कामाला होता. घरी बायको भामा आणि तिसरीतली मुलगी वैजू. भामा म्हणायची, "अहो, आमटीत मीठ बघा जरा." तो झाकण काढून नीट वाकून बघायचा आणि सांगायचा, "दिसत नाही." मग भामा आणखी मीठ घालायची. असा त्यांचा संसार चालला होता.

त्या वर्षी वैजूच्या कानडे बाईंनी वर्गात एक गोष्ट जाहीर केली. प्रत्येकाच्या आईने नाहीतर वडलांनी दुसऱ्यांच्या उपयोगी पडतील अशी तीन कामं करायची. जे करतील त्यांना गॅदरिंगच्या दिवशी मुलासोबत स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ देणार.

"माझे आबा येणार," वैजू म्हणाली. वर्गात कुणी हसलं नाही, कारण बाई बघत होत्या.

वैजूने घरी येऊन सांगितलं. सखाहरीने आयुष्यात कधी स्टेजवर पाय ठेवला नव्हता. लेकीचा हात धरून तिथं उभं राहायचं, एवढी एकच गोष्ट त्याच्या मनात बसली. त्या रात्री तो दोन भाकऱ्या जास्त जेवला.

आठवड्याने शाळेतून चिठ्ठी आली. पूर आलेल्या गावांसाठी घरातले वापरते कपडे द्यावेत. भामा गिरणीमागच्या विहिरीवर गेली होती. सखाहरीने ट्रंक उघडली. आत भामाची लग्नातली पैठणी होती, तिचे दोन नवे खण होते. हे तर कुणी वापरतच नाही, म्हणून त्याने ट्रंक बंद केली. वापरते कपडे अंगणात दोरीवर होते. आत्ताच पिळून टाकलेले, पाणी गळत होतं. त्याने भामाचं लुगडं काढलं, वैजूचा शाळेचा ड्रेस काढला, स्वतःचे दोन्ही सदरे काढले. शेजारच्या गोदाक्काची नऊवारीही त्याच दोरीवर होती. तीही वापरतीच होती. सगळ्याचं ओलं गाठोडं बांधून तो शाळेपुढच्या मदतीच्या टेम्पोत टाकून आला.

वैजू दुसऱ्या दिवशी लग्नकार्यात घालायचा जरीचा झगा घालून शाळेत गेली. गोदाक्का चार दिवस सुनेच्या गाऊनमध्ये वावरली आणि पाचव्या दिवशी म्हणाली की बरं असतंय हे.

भामा कपाळाला हात लावून बसली. "अहो, दुसऱ्याला असं देतात का? स्वच्छ धुवायचं, वाळवायचं, नीट घडी घालायची. मग द्यायचं."

"बरं," सखाहरी म्हणाला. गिरणीत जाताना वाटभर तो म्हणत गेला, धुवायचं, वाळवायचं, घडी घालायची.

पुढं देवळात भंडारा आला. घरटी वीस भाकऱ्या द्यायच्या होत्या. भामाने पहाटे उठून ज्वारीच्या वीस भाकऱ्या थापल्या, टोपलीत घातल्या आणि म्हणाली, "एवढ्या देवळात देऊन या."

सखाहरी या वेळी चुकणार नव्हता. त्याने बादली भरून घेतली आणि एकेक भाकरी धुतली. हलक्या हाताने धुतली, साबण लावला नाही, एवढी त्याला अक्कल होती. मग त्या चिमटे लावून दोरीवर वाळत घातल्या. अर्ध्या तिथूनच पडल्या आणि शेजारचं कुत्रं घेऊन गेलं. उरलेल्या कडक उन्हात चांगल्या वाळल्या. आता घडी राहिली होती. वाळलेल्या भाकरीची घडी होत नाही, हे त्याला दहा भाकऱ्यांनंतर कळलं. तोपर्यंत भाकऱ्या संपल्या होत्या.

देवळात पंगत बसलेली. त्याने पुजाऱ्यापुढं रुमाल सोडला. पुजाऱ्याने तुकडे पाहिले आणि विचारलं, "हे तळ्यातल्या माशांसाठी का?"

"धुतलेलं आहे," सखाहरी म्हणाला.

भामाच्या कानावर हे तो घरी पोचायच्या आधी पोचलं. ती रागावली, पण रागातही तिने नीट समजावून सांगितलं, कारण समजावल्याशिवाय राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. "अन्न असं देतात का? गरम गरम द्यायचं. आणि आग्रह करायचा. समोरचा नको म्हणाला तरी थांबायचं नाही, पहिलं नको कधी खरं नसतं. 'माझ्यासाठी एवढं' म्हणायचं आणि वाढायचं."

"बरं," सखाहरी म्हणाला.

महिन्याने शाळेच्या व्हरांड्यात रक्तदान शिबिर होतं. सखाहरी सकाळी सातपासून उन्हात बसला. वर दोन कप चहा उकळता प्यायला. अंग चांगलं तापल्याची खात्री झाली तेव्हा आत गेला. तालुक्याहून आलेल्या डॉक्टरांनी एक पिशवी रक्त घेतलं, कापूस लावला आणि म्हणाले, "झालं. उठा आता."

"आणखी घ्या," सखाहरी म्हणाला.

"नको. एवढंच घेतात."

हे पहिलं नको होतं, म्हणून सखाहरीने ते मोजलं नाही. "घ्या हो. गरम आहे तोवर घ्या."

"अहो, नको."

"माझ्यासाठी एवढं. अर्धीच पिशवी."

"दादा, चक्कर येईल तुम्हाला."

"लाजू नका," सखाहरी म्हणाला. "घरचंच आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. खाट एकच होती. सखाहरी दंड पुढं करून तिच्यावर पडून राहिला आणि डॉक्टर लाजायचे थांबतील याची वाट बघू लागला. मागं तीस-चाळीस माणसं रांगेत होती, ती तासाभराने एकेक करून घरी गेली. शेवटी चौघांनी सखाहरीला खाटेसकट उचलून पटांगणात ठेवलं. जाताना तो डॉक्टरांना म्हणत होता, "तुम्ही काहीच घेतलं नाही हो."

या वेळी भामा ओरडली नाही. हळू आवाजात बोलली आणि ते जास्त वाईट होतं. "नको म्हणजे नको. कळलं? माणूस एकदा नको म्हणाला की गुमान बाजूला व्हायचं. दुसऱ्यांदा विचारायचंसुद्धा नाही."

"बरं," सखाहरी म्हणाला.

नंतर भामा पाच दिवस माहेरी गेली, तिच्या भावजयीचं बाळंतपण होतं. सोमवारी सकाळी सखाहरीने वैजूला हलवलं. वैजू गोधडीतून म्हणाली, "आज शाळा नको."

सखाहरी गुमान बाजूला झाला. मंगळवारी त्याने विचारलंच नाही. बुधवारीही नाही. वैजूनेही आपणहून विषय काढला नाही, ती काही भोळी नव्हती. दूधही नको झालं, वेणीही नको झाली. शुक्रवारी भामा परतली तेव्हा दारात कानडे बाई उभ्या होत्या आणि वैजू केस पिंजारून झाडावर चिंचा खात होती.

बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "वैजूचे वडील गॅदरिंगला यायचेत. कपडे, भाकऱ्या, रक्त, तीन कामं झाली. कशी झाली ते मी वहीत लिहिलेलं नाही."

पण भामाला सगळं आठवलं. शेजारणींचं हसणं आठवलं. उद्या स्टेजवर हा माणूस काय करील, सांगता येत नव्हतं. बाई गेल्यावर ती म्हणाली, "गॅदरिंगला तुम्ही नको. मी जाते तिच्याबरोबर."

सखाहरी काहीतरी बोलणार होता. मग त्याला आठवलं, दुसऱ्यांदा विचारायचंसुद्धा नाही. तो बाजूला झाला. त्याला फार वाईट वाटलं. भोळ्या माणसाला वाईट वाटत नाही असं गावात सगळे धरून चालायचे. ते चूक होतं.

गॅदरिंगच्या सकाळी मायलेकी नटून शाळेत गेल्या. सखाहरी कुणाच्या मध्ये यायला नको म्हणून गावाबाहेर एसटी स्टँडपर्यंत चालत गेला. तिथं मंडळाच्या पोरांनी एक भिंत रंगवली होती. खुंट्या मारल्या होत्या, खुंट्यांवर स्वेटर, शाळेची दप्तरं, एक छत्री. वर तारेने पाटी बांधलेली. नको असेल ते इथे द्या. हवे असेल ते इथून घेऊन जा.

सखाहरीने ती दोनदा वाचली. नको असेल ते. त्याच्या माहितीत घरात नको असलेली एकच वस्तू होती.

तो नळावर गेला आणि डोक्यावरून पाच तांबे पाणी घेतलं. उन्हात उभं राहून वाळला. घडीचा थोडा विचार करावा लागला. मग स्वेटर आणि छत्री यांच्या मधोमध जाऊन तो हाताची घडी घालून बसला.

एक माणूस आला, स्वेटर नेला. एक बाई आली. तिने छत्री उघडून बघितली, मग सखाहरीकडे बघितलं.

"हे चालतंय का?" तिने छत्रीबद्दल विचारलं.

सखाहरी उठून चार पावलं चालून दाखवून परत बसला.

बाईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "नको बाबा," ती म्हणाली. "घरी एक आहे असला." आणि छत्री घेऊन गेली.

तिकडं शाळेत वैजूचं नाव पुकारलं. वैजू जागची हलली नाही. म्हणाली, "आबांशिवाय नाही." बाईंनी सांगितलं, भामाने सांगितलं, हेडमास्तरांनी माइकवरून सांगितलं. ती खांबाला मिठी मारून उभी राहिली. एवढ्यात कुणीतरी मागून भामाला म्हणालं, "वहिनी, तुमचे मालक एसटी स्टँडवर भिंतीपाशी ठेवलेत. लवकर जा, नाहीतर कुणीतरी नेईल."

भामा पळत आली, मागून वैजू.

"अहो, चला."

"येता येत नाही," सखाहरी म्हणाला. "मी दिलेला आहे."

"कुणी दिलं तुम्हाला?"

"मीच. नको होतो म्हणून."

"नको कोण म्हणालं?"

सखाहरीने तिच्याकडे पाहिलं. तो तक्रार करत नव्हता, नुसतं सांगत होता. "तू."

भामाने आजूबाजूला पाहिलं. भोवती माणसं जमली होती. एसटी लागली होती, तिच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती.

"मग मी परत नेते," ती म्हणाली.

"असं नाही चालत." सखाहरीने पाटीकडे बोट केलं. "हवं असेल तरच नेता येतं."

लग्नाला बारा वर्षं झाली होती. त्या बारा वर्षांत भामाने त्याला जेवायला वाढलं होतं, तापात त्याच्या उशाशी बसली होती, लोकांशी त्याच्यासाठी भांडली होती. पण असलं काही तोंडाने बोलायची त्या गावात पद्धत नव्हती. तिने पदर सारखा केला आणि जमिनीकडे बघून म्हणाली, "हवेत."

"काय?" सखाहरी म्हणाला. एसटीचा हॉर्न वाजला होता.

"हवेत म्हणते ना. मला हे हवेत."

"मलापण," वैजू म्हणाली.

सखाहरीने पाटी एकदा वाचून घेतली. सगळं नियमात होतं. तो उठला.

मग तो स्टेजवर गेला, वैजूचा हात धरून उभा राहिला, शाल आणि नारळ घेतला. काहीच बिघडलं नाही. फक्त शालीखाली काखेत त्याने काहीतरी चपटं धरलं होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ती भिंतीवरची पाटी होती. त्याला ती फार हवी होती, आणि हवं असेल ते घेऊन जा असं तिच्यावरच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मायलेकी तालुक्याच्या बाजाराला गेल्या. सखाहरीने पाटीवरची धूळ पुसली आणि ती प्रेमाने आपल्या घराच्या दारावर ठोकली.

चार वाजता भामा परतली. अंगणात एक दांडा नसलेली छत्री, दोन फुटक्या बादल्या, तीन पायांची खुर्ची आणि कुणाचा तरी खोकणारा बोकड होता. दार नव्हतं, पाटी चौकटीला बांधलेली होती. घरात खाट नव्हती, हंडा नव्हता, शेगडी नव्हती, ट्रंक नव्हती. चार भिंतींच्या मधोमध सखाहरी खूश होऊन बसला होता.

"हे काय?" भामाने विचारलं.

"सगळं दिलं," सखाहरी म्हणाला. "भांडी घासून दिली. गोधड्यांना घड्या घातल्या. लोकांना फार हवं होतं गं."

भामा उंबऱ्यावर बसली. तिने रिकाम्या घराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"आणि तुम्ही तेवढे राहिलात. तुम्हाला नाही नेलं कुणी?"

"गिरणीचे मालक मागत होते," सखाहरी म्हणाला. "मी सांगितलं, हा शिल्लक नाही. ह्याला कालच नेलाय."