म्हशीने वेचलेली ओळ

कासारखेडी गावात एकदा एक वृद्ध कवी राहत असे. लोक त्याला आबा म्हणत. तरुणपणी बंदरावर हमाली करताना गोऱ्या खलाशांकडून आबांनी लिमरिक नावाचा थट्टेचा छंद उचलला होता. पाच ओळींचे पद, मधल्या दोन ओळी आखूड. तो छंद त्यांनी गावात रुजवला.

नाथा हा त्यांचा जुना शिष्य. एकेका ओळीसाठी तो दिवस दिवस दारात बसून राही. गेनू गवळी मात्र दोन वर्षांपूर्वी आबांकडे आला आणि धार काढता काढता पद रचून मोकळा होऊ लागला. संध्याकाळपर्यंत ते साऱ्या गावाच्या तोंडी. नाथाची बायकोसुद्धा भाकरी थापताना गेनूचेच पद गुणगुणे, आणि नाथाच्या घशाखाली घास उतरत नसे.

जत्रेच्या आदल्या दिवशी नाथा कागद घेऊन आबांकडे आला. डोळे चमकत होते. त्याने वाचले:

कासारखेडीचा कवी गेनू भारी,
ओळी जुळवी बसून आपल्या दारी;
ओळ जेमतेम सुचली,
म्हशीनं ती वेचली,
आता म्हैस गाते, हा वाहे वैरण सारी!

"उद्या भर जत्रेत म्हणतो, आबा. पुन्हा तोंड वर काढायचा नाही तो."

आबा पोट धरून हसले. मग त्यांनी लेखणी घेतली, 'गेनू' खोडले आणि वर 'नाथा' लिहिले.

"उद्या हे असं म्हण."

नाथाचा चेहरा पडला. "माझं काय चुकलं, आबा?"

"काही नाही, लेकरा. पद चोख आहे. पण या छंदाची गंमत ऐक. खलाशी सांगायचे, त्यांच्या मुलखात जेवणं झाली की एकेकानं असं पद म्हणायचं, बाकीच्यांनी सूर धरायचा. पदं गावोगाव गेली. कुणी रचली, ते लोक विसरले. पदातला माणूस तेवढा राहिला. तू गेनूला बुडवायला निघालास, आणि त्याचंच नाव तारून नेतोयस." आबा जरा थांबले. "आणि खरं सांग, दारात कोण बसतं? गेनूला म्हशींच्या मागं हिंडताना बसायला वेळ कुठाय?"

नाथाने कागद पुन्हा पाहिला. दारात बसणारा तोच होता. म्हैस गेनूची होती. आणि दोन वर्षे गेनूच्या नावाचा भारा डोक्यावर घेऊन हिंडणाराही तोच. त्याचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी जत्रेत त्याने पद स्वतःच्याच नावाने म्हटले. मग पहिले हसू फुटले ते गेनूचे.

"अहो नाथादादा, म्हैस माझीच की ती! वैरण टाकायला कधी येताय?"

"येतो की! पण माझी ओळ परत दे म्हणावं तिला!"

सारी जत्रा हसली. नाथाही हसला. आतली गाठ कधी सुटली, ते त्यालाही कळले नाही.

आठवड्याने बाजारात एक कासारीण बांगड्या भरता भरता तेच पद गात होती.

"मावशी, हे कुणी रचलं हो?" नाथाने विचारले.

"कुणाला ठावं, बाबा! पण तो नाथा हाय ना, त्येला येकदा बघायचंय मला."

नाथाने वैरणीचा एक भारा विकत घेऊन डोक्यावर घेतला आणि गेनूच्या गोठ्याची वाट धरली.