निळ्या दोरीचे फाटक

"आता तरी सांगाल का, बाई?"

दिनकर उपासनींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. शब्दांत विनंती होती. बसण्यात मात्र ती नव्हती.

एल्स्पेथबाई चुलीपाशी बसून एका पोरक्या कोकराला बाटलीने दूध पाजत होत्या. त्याची आई परवाच मेली होती. खोक्यात अंथरलेल्या जुन्या स्वेटरवर उभे राहून ते बाटलीला ढुशा देत होते.

बाईंचे वय चौऱ्याऐंशी. वडील जालन्यातल्या एका दवाखान्यात डॉक्टर, म्हणून जन्म तिकडचा. सोळाव्या वर्षी त्या स्कॉटलंडातल्या या ग्लेनडोरन गावी आल्या आणि मेंढ्या पाळू लागल्या. जालन्याची मराठी मात्र त्यांनी टाकली नाही. गावामागच्या डोंगरावर जाणारी मेंढपाळांची जुनी वाट आता त्यांच्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. नकाशातही ती नव्हती.

उपासनींना ती वाट हवी होती. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे काढलेले हे अभियंते. सह्याद्रीतले दोनशे अकरा गड त्यांनी पायांखाली घातले होते. लेकीकडे आले होते आणि सोमवारी परतणार होते.

बाईंनी त्यांना सांगितले होते : आधी गावाभोवतीच्या तीन सोप्या वाटा चाल. रोज एक. जे जसे सापडेल, ते तसेच सोड. मग बघू.

उपासनींना तो अपमान वाटला होता. गावच्या माहितीपत्रकात त्या वाटांपुढे बाबागाडीचे चित्र होते.

"तिसरी झाली?" बाईंनी विचारले.

"झाली. पत्रकात दोन तास लिहिलेत. मी एक तास दहा मिनिटांत परतलो, तेही सकाळी नवाच्या आत."

"वाटेत काय दिसलं?"

"दिसायचं काय? गवत, मेंढ्या, एक बाक. रागावू नका, बाई, पण आमच्याकडे याला शतपावली म्हणतात."

"बरं. आणि केलंस काय?"

या प्रश्नाची उपासनी वाटच पाहत होते. ते सावरून बसले.

"एक चांगलं काम केलं. ओढ्याजवळचं मोठं फाटक सताड उघडं होतं. नुसतं उघडं नाही, कोणीतरी निळ्या दोरीनं खांबाला बांधून ठेवलेलं. मी दोरी कापली, फाटक लावलं. कडी बसेना, तर दगडानं ठोकून बसवली. आता बापजन्मात कोणाला उघडायचं नाही."

बाटली कोकराच्या तोंडातून निसटली.

"कामून रे?"

"कामून म्हणजे? दार बांधून उघडं ठेवणारा चोरच असतो, बाई. कालव्यावर लोक अशीच दोरी बांधून पाणी पळवायचे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक दार तसंच सोडलं, तर कालव्याच्या शेवटची तीन गावं कोरडी राहिली. बायका रिकामे हंडे घेऊन कचेरीत आल्या होत्या. तेव्हापासून उघडं दार दिसलं की माझा हात आपोआप जातो."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. दोन वाजून गेले होते.

खिडकीची काच अजून ओलीच होती. एप्रिल उजाडला होता, तरी अकराच्या सुमारास बर्फ मिसळलेला पाऊस तासभर कोसळून गेला होता.

"नवाच्या आत…" बाई स्वतःशीच म्हणाल्या.

त्या उठल्या. जाड कोट अंगात घातला. खोक्यातले कोकरू उचलून कोटाच्या आत घेतले आणि वरून बटणे लावली.

"दोरी कापलीस, तो चाकू आहे?"

"आहे."

"घे संगं."

"त्या कोकराला कशाला बाहेर काढता? गारठा आहे, बाई."

बाई काठी घेऊन केव्हाच अंगणात पोहोचल्या होत्या.

गावाच्या कडेला एक लहान फाटक होते. तिन्ही वाटा तिथूनच सुटत. ते ओलांडून दोघे शेताच्या कडेने निघाले. बाई भरभर चालू शकत नव्हत्या आणि थांबतही नव्हत्या.

"ती दोरी मी बांधली होती," त्या म्हणाल्या.

उपासनींचे पाऊल अडखळले.

"आया पाणी प्यायला ओढ्यावर उतरतात. लेकरं वर, त्या दगडी गडग्याच्या आडोशाला निजतात. पाणी पिऊन झालं की आया वर येऊन पाजतात. दिवसभर त्यांचं हेच चालतं. म्हणून फाटक उघडं."

पुढे आवाज येऊ लागला होता. उपासनींनी तो सकाळीही ऐकला होता. मेंढ्या ओरडायच्याच, असे म्हणून ते तेव्हा पुढे गेले होते…

आता ते धावत सुटले.

अलीकडे मेंढ्या फाटकाला छातीने रेटा देत होत्या. पलीकडे कोकरे गजांतून तोंडे काढत होती. उपासनींनी कडीला हात घातला. कडी हलेना. त्यांनीच ठोकलेली, चांगली ठोकलेली कडी. त्यांनी दोन्ही हातांनी हिसके दिले. बोटांची साल निघाली. शेवटी सकाळचाच दगड गवतात शोधला आणि त्याने खालून ठोकून ती सोडवली.

मेंढ्या त्यांना ढकलून आत घुसल्या. एकेकीने हुंगून आपापले लेकरू गाठले. क्षणभरात ओरडा ओसरला.

एकीचा तेवढा थांबला नाही. ती गडग्याच्या कडेने पुढे जाई, मागे येई, ओरडे.

गडग्याखाली एक कोकरू पाय ताणून पडले होते. दोन दिवसांचे असेल. अंगावरची लोकर भिजून चिकटली होती. उपासनींनी ते उचलले, तर मान हातावरून खाली लोंबली.

पोट अगदी रिकामे होते.

"बाई…" ते म्हणाले.

बाई येऊन पोहोचल्या. त्यांनी ते कोकरू त्यांच्या हातातून घेतले आणि गवतावर ठेवले.

"चाकू दे."

उपासनींनी दिला. त्या कोकराला पुरतील, असे त्यांना वाटले. परंतु बाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी चारही पायांभोवती पाते फिरवले. मग एखाद्या मुलाचे ओले कपडे उतरवावेत, तसे त्याचे कातडे अंगापासून सोडवू लागल्या.

उपासनींनी तोंड फिरवले.

"इकडं बघ," बाई म्हणाल्या.

त्यांनी पाहिले.

बाईंनी कोटाची बटणे काढली. आतले पोरके कोकरू बाहेर घेतले आणि ते रक्ताळलेले कातडे अंगरख्यासारखे त्याच्या अंगावर चढवले. चार भोकांतून चार पाय. मग त्याला ओरडणाऱ्या मेंढीपुढे उभे केले.

मेंढीने हुंगले. मागे सरली. पुन्हा हुंगले, शेपटीपाशी, बराच वेळ…

कोकरू तिच्या पोटाखाली शिरले. मेंढी तशीच उभी राहिली.

"तिला कळलं नाही?" उपासनींनी विचारले.

"कळेल. तोवर दूध उतरलेलं असेल."

बाईंनी खिशातून तसलीच निळी दोरी काढून पुढे केली. उपासनींनी फाटक पूर्ण उघडून खांबाला बांधले. गाठ सैल बसली. बाईंनी ती गाठ सोडली, पुन्हा बांधायला लावली, आणि मगच त्या वळल्या.

परतताना उपासनी बाईंच्या मागून, त्यांच्याच चालीने चालत होते. ती वाट संपायला त्यांना एक तास लागला.

गावाच्या कडेचे लहान फाटक वाऱ्यावर अर्धवट झुलत होते. बाई त्यातून आत आल्या आणि काठीवर भार देऊन थांबल्या.

"सोमवारी जाणार ना तू?"

"हो."

"डोंगराची वाट या फाटकातूनच निघते. बाहेर पडलं की ओढा सोडून डावीकडं."

उपासनींना हवे होते ते मिळाले होते. त्यांनी डोंगराकडे पाहिलेसुद्धा नाही. सवयीने त्यांचा हात फाटकाकडे गेला आणि कडीपासून वीतभर अंतरावर थिजला. तीन दिवसांत ते इथून सहा वेळा आले-गेले होते. दुपारी निघताना सातव्यांदा, बाईंच्या देखत, याच हाताने ते ढकलले होते. पण आधी ते लावलेले होते की उघडे, हे त्यांना आठवेना…

"बाई," त्यांनी अगदी हळू विचारले, "हे लावू, का उघडं ठेवू?"

"आपण निघालो, तेव्हा कसं होतं?"