एका पायावरचे पंच

“एक धाव कमी का येते, बाई?”

बाईंनी शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले. मैदानाकडेच बघत राहिल्या.

फलकावर एकशे बेचाळीस. माझ्या तक्त्यात एकशे एक्केचाळीस.

कृष्णाकाठ लीगचा सामना. गुणलेखकांच्या मांडवात आम्ही दोघीच. इनामदारबाईंनी मला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं होतं. लीगचं गुणलेखनही वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच. आज मात्र त्यांची वही बंद, आणि वहीवर शेंगांचा पुडा. तक्ता एकटी मी लिहीत होते. जुळला तर पुढच्या मोसमाची नेमणूक माझी. नाही जुळला तर बाबांनी बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरून ठेवलाच होता.

“हातही तूच वर कर,” बाई सकाळी म्हणाल्या होत्या.

पंचांनी खूण केली की गुणलेखकाने हात वर करून ‘कळलं’ असं सांगायचं. तोवर पुढचा चेंडू पडत नाही.

“ते काय, कुणीही करेल बाई,” मी म्हटलं होतं. “मला चेंडू कुठे पडला, फटका कुठे गेला, सगळं चार रंगांत दाखवायचंय.”

“बरं.”

तेव्हापासून हात बाईच वर करत होत्या.

मी मागची पानं उलटली. पुन्हा बेरीज केली. इतक्यात मागे प्रेक्षकांत ताशा कडाडला. मी अशी दचकले की हिरवी रेघ सरळ मिडऑफपर्यंत गेली.

वर पाहिलं. फलकावर एकशे त्रेचाळीस.

“बाई… आता दोन कमी येताहेत.”

“हं.”

“पण मी तर एकच शोधत होते…”

बाईंनी टरफलं कागदात गोळा केली. मग दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसल्या.

“थंडी वाजतेय का?” मी विचारलं. मे महिना होता.

“नाही.”

मी पुन्हा वाकले. उभी बेरीज. आडवी बेरीज. उभी.

“फलकवाल्याचंच चुकलं असणार, बाई.”

…

“बाई, पाचव्या षटकात मी एखादी धाव खाल्ली का हो?”

…

ताशा थांबला. त्यानेही मी दचकले.

कुठूनतरी हसू आलं. मग शेजारून. मग सगळ्या पॅव्हेलियनमधून.

मी मान वर केली.

मैदानाच्या मधोमध घोरपडे पंच एका पायावर उभे होते. अंगाने चांगले भरलेले गृहस्थ. दुसरा गुडघा उचललेला, त्यावर हात. लेगबायची, म्हणजे चेंडू पायाला लागून मिळालेल्या धावेची, खूण. तोंड आमच्या मांडवाकडे, आणि सगळा देह हळूहळू डुलत होता. गोलंदाज गवतावर बसकण मारून बुटाची नाडी बांधत होता. फलंदाज हेल्मेट काढून पाणी पीत होता. यष्टिरक्षकाने पंचांना आधाराला खांदा देऊ केला. त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

“बाई, ते असे का…”

पंच आणखी एका बाजूला कलले.

“बाई, ते पडतील. तुम्ही हात वर करा ना.”

बाईंचे हात मांडीखालीच.

“बाई…”

“आता ओ तू दे,” बाई म्हणाल्या. “माणूस एका पायावर किती हाका मारणार?”