शेंदरी तलावावर हात पसरत नाहीत

भंडाऱ्याच्या पूर्वेला डांबरी रस्ता संपतो. तिथून दोन कोस साग-मोहाच्या रानातून चालत गेलं की शेंदरी तलाव लागतो. हा तलाव कोणाचं स्वागत करत नाही. काठाच्या गाळात पाय पोटरीपर्यंत रुततो, बाहेर काढला की जळवा लागलेल्या असतात, आणि पलीकडच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, वस्तीत पाहुण्याला कोणी आपणहून पाणी विचारत नाही. तरी माणसं येतात. ती येतात मरळीसाठी. सापासारखं डोकं आणि दातेरी जबडा असलेला हा शिकारी मासा या तलावात होतो तेवढा मोठा आसपास कुठेच होत नाही.

काठावर एक दगडी ओटा आहे. त्यावर देव नाही. ओट्याखालच्या पाण्यात मात्र रोज सकाळी कोणीतरी भाताची शितं टाकून जातं.

मागच्या आषाढात नागपूरहून दोघं आले होते. लांब काठ्या, रिळं, मासा मोजायची पट्टी, सगळं घेऊन. ओट्यावर इस्तारी नान्हे बसला होता. वस्तीतला सगळ्यांत म्हातारा ढिवर. त्यांनी विचारलं, "काका, इथली सगळ्यात मोठी मरळ केवढी असते?"

"असते," इस्तारी म्हणाला.

"अहो, पण केवढी? हातानं दाखवा ना."

इस्तारीने हात पाठीमागे घेतले. दोघांपैकी एक हसला. "काय काका, हात बांधलेत का कोणी?"

"बांधले हायेत जी," इस्तारी म्हणाला. "आयकाचं असन तं बसा. नसन तं वाट आली तशीच जाते."

ते बसले. इस्तारीने सांगितलं ते असं.

फार पूर्वी या काठावर झिंगरू नावाचा ढिवर राहत होता. बायको बाळंतपणात गेलेली, घरात एकच मुलगी, मैना. पलीकडच्या काठावर दसरू. दोन्ही काठांचं वैर आजोबा-पणजोबांपासूनचं. जाळी कापायची, डोंगे उलटे करायचे, पाण्याच्या मध्यावर गाठ पडली की शिव्या मोजून द्यायच्या. त्या वर्षी दसरूने मोठी मरळ धरली आणि डोंग्यात उभं राहून हात पसरले. "एवढी!" मग ओरडला, "झिंगऱ्या, तुया गळाले बेंडूक तरी लागते का रे?"

हे झिंगरूला लागलं. म्हणे तो चार दिवस पोटभर जेवला नाही.

मरळ आषाढात पिलं काढते. हजारो पिलांचा शेंदरी रंगाचा थवा श्वास घ्यायला वर येतो, तेव्हा त्या जागी पाणी उकळल्यासारखं दिसतं. खाली नर-मादी राखण करतात. थव्यावर काहीही पडलं की ती तुटून पडतात. भुकेने नव्हे, पिलांसाठी. हे प्रत्येक ढिवराला ठाऊक असतं, आणि म्हणूनच कोणी थव्यावर गळ टाकत नसे. तसा कायदा नव्हता. लाज होती.

झिंगरूने टाकला. जिवंत बेडूक लावलेला गळ त्याने थव्याच्या बरोबर मध्ये सोडला. मादी पहिल्या फटक्यालाच लागली. तासभर तिने डोंगा ओढला. शेवटी त्याने तिला काठावर आणून टाकलं, तेव्हा मैना धावत आली. कोणीतरी गंमत म्हणून पोरीला माशाशेजारी निजवलं. डोक्याला डोकं, पायाला शेपूट. बरोबर भरली. लोक हसले. झिंगरू पाण्यात कमरेपर्यंत गेला आणि पलीकडे ओरडला, "दसऱ्या, पाय इकडं! एवढी!" त्याचे पसरलेले हात सगळ्या तलावाने पाहिले असं सांगतात.

रात्री जेवताना मैनाने मासा खाल्ला नाही. म्हणाली, "बा, हे त्या पिलाईची माय होती?"

"माशाले माय नसते," झिंगरू म्हणाला. "जेव गुमान."

पण पिलं डोंग्यामागून काठापर्यंत आली होती. सकाळी ओट्याखाली पाणी शेंदरी दिसत होतं, आणि बगळे ओळीने उभे होते. मैनाने बगळे हाकलले. पानातली शितं वाटीत आणून पाण्यात टाकली. दुसऱ्या दिवशीही टाकली. बगळ्यांच्या भीतीने थवा रोज थोडा आत सरकत होता, आणि त्याच्यामागे मैनाही रोज एक-एक पाऊल आत जात होती. झिंगरूचं लक्ष नव्हतं. तो गावोगाव मरळीची गोष्ट सांगत, हात पसरत फिरत होता.

पाचव्या दिवशी तो घरी आला तेव्हा चुलीजवळ भाताची वाटी नव्हती, आणि मैनाही नव्हती. वाटी ओट्याखाली पाण्यावर तरंगताना सापडली.

सगळ्या डोंग्यांनी तलाव पालथा घातला. हाका ऐकून पलीकडून दसरूही आला. मुलगी हरवली एवढंच त्याला कळलं होतं, पाहिली त्याने कधीच नव्हती. त्याने आपल्या डोंग्यातून विचारलं, "केवढी होती?"

त्याने 'होती' म्हटलं. झिंगरूने ते ऐकलं. सांगायला त्याने हात पसरले, आणि ते जिथे थांबले तिथे त्याने ते पाहिले. तेच माप. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. दसरूनेही ओळखलं, आणि मान खाली घातली. म्हणे त्यानंतर बराच वेळ दोन्ही डोंगे तसेच डुलत राहिले, आणि वल्हं कोणी उचललं नाही.

मग देवनळ गवताच्या आडोशाला पाणी उकळताना दिसलं. शेंदरी. झिंगरूने उडी घेतली. पाणी छातीपर्यंत होतं. मैना तिथेच, पाण्याखाली वीतभर, देवनळाच्या दांड्यांत अडकली होती. भोवती पिलं फिरत होती. त्याने हात घातला आणि खालून नराने झडप घातली. डाव्या हाताची दोन बोटं गेली. त्याने पुन्हा हात घातला, पुन्हा झडप. दसरू भाला उचलून ओरडला, "बाजूले हो, मारतो त्याले!"

"नको," झिंगरू म्हणाला. "तो राखन करून राहिला. म्या केली नाही."

त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. रक्त पाण्यात जात होतं. हनुवटीपर्यंत वाकून तो पाण्याशी बोलला, "माप घ्याले आलो नाही बापा. माही हाय. नेऊ दे."

असं सांगतात की नराने त्याच्याभोवती एक फेरा मारला, छातीला अंग घासलं, आणि पिलांना घेऊन तो खोल पाण्यात उतरला. मग त्याने मैनाला उचललं. दसरूने आपला डोंगा पुढे केला आणि भाला पाण्यात सोडून दिला. काठावर झिंगरू एकच वाक्य बोलला. माणसाने मागायला हात पसरावा, मापाला पसरू नये.

इस्तारी थांबला. पाहुण्यांपैकी एकाने हळूच विचारलं, "पण काका, हे खरं घडलं असेल?"

"मले मालूम नाही जी," इस्तारी म्हणाला. "थवा तिकडं हाय. जा, टाका गळ. डोंगा मातर कोनी देनार नाही, अन परत याल तं पानी बी नाही."

ते काठ्या न उघडताच परतले.

आजही मृगापासून पोळ्यापर्यंत या तलावात गळ पडत नाही. आजही दोन्ही काठांचे लोक एकमेकांना शिव्या देतात, पण ओट्याखाली शितं टाकायची पाळी आळीपाळीने चालवतात. तालुक्याच्या बाजारात शेंदरीचा ढिवर लगेच ओळखू येतो. मोठ्या माशाची गोष्ट सांगताना त्याचे हात पाठीमागे असतात. केवढी होती म्हणून विचारलं, तर तो एवढंच म्हणतो, "होती."